नावामागची माणसे : रोहिणी

मे महिन्याच्या अखेरीस, साधारणपणे पंचवीस तारखेच्या सुमारास, सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो आणि बुलढाणा जिल्ह्यातील घाटाखालच्या गावांत शेतकऱ्याची नजर आभाळाकडे लागते. नांगरट आणि वखरणी उरकलेली असते, धसकटे वेचून झालेली असतात, बियाण्याची उधारी दुकानाच्या वहीत चढलेली असते. पाऊस मृगाचा, पण त्याची तयारी रोहिणीची. ज्याच्याजवळ विहिरीचे पाणी आहे तो याच दिवसांत कपाशीचे बी मातीत टाकून मोकळा होतो. याच पट्ट्यात, मोताळा तालुक्यात, ज्याच्या नावातच हे नक्षत्र ऐकू येते असे एक गाव आहे : रोहिणखेड. इंग्रजी अमदानीतील दप्तरांत त्याचे रोहनखेड झाले. लोकांच्या जिभेवर मात्र रोहिणी राहिली.

महाराष्ट्रात रोहिणी नावाची मुलगी नाही असे गाव सापडणे कठीण. शाळेच्या हजेरीपटात, लग्नपत्रिकेत, दुकानाच्या पाटीवर हे नाव इतक्या सहजपणे भेटते की त्याच्या अर्थाकडे लक्ष जात नाही. ‘रुह्’ या धातूचा अर्थ उगवणे, वर चढणे. आरोह, अवरोह, प्ररोह हे सारे शब्द त्याच घरातले. ‘रोहित’ म्हणजे तांबूस. वृषभ राशीतील रोहिणीची तारका डोळ्यांनाही तांबूसच दिसते. ती पृथ्वीपासून सुमारे ६५ प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणजे आज दिसणारा तिचा प्रकाश पासष्ट वर्षांपूर्वी निघालेला आहे. उगवणारी आणि लालसर, असे दोन्ही अर्थ या एका नावात नांदतात.

पंचांगाची एक गंमत येथे सांगण्याजोगी आहे. रोहिणी नक्षत्रावर जन्मलेल्या मुलीचे जन्मनाव रोहिणी येत नाही. त्या नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरे ओ, वा, वी आणि वू. ‘रो’ हे अक्षर स्वातीच्या तिसऱ्या चरणाचे. तेव्हा पंचांग पाहूनच जिचे नाव रोहिणी ठेवले गेले, ती बहुधा स्वातीची लेक असते. आकाशातील रोहिणीला यात काही गमवावे लागत नाही.

पुराणकथेने मात्र या रोहिणीला एका कौटुंबिक कलहात गुंतवले. दक्षाच्या सत्तावीस कन्या चंद्राला दिलेल्या. चंद्राचे मन एकट्या रोहिणीत. उरलेल्या सव्वीस जणी पित्याकडे तक्रार घेऊन गेल्या, पित्याने जावयाला क्षयाचा शाप दिला, आणि तेव्हापासून चंद्र पंधरवडाभर झिजतो व पंधरवडाभर भरतो. जैन ज्योतिष्कविचारात अभिजित धरून नक्षत्रे अठ्ठावीस आहेत आणि चंद्र हा ज्योतिष्क देवांचा इंद्र आहे, तेव्हा शापाची ही गोष्ट तेथे लागू पडत नाही. पण मुलीने बापाकडे नेलेली तक्रार काय करू शकते, याचा एक ऐतिहासिक दाखला खुद्द रोहिणखेडच्या शिवारात घडला. खानदेशचा नासिरखान फारुकी याची मुलगी बहमनी घराण्यात अलाउद्दीनाला दिली होती. तो सुलतान झाला आणि कोकणातील संगमेश्वरच्या राजकन्येवर त्याचा जीव जडला. पहिल्या राणीने आपली उपेक्षा बापाला कळवली. नासिरखानाने १४३७ मध्ये वऱ्हाडवर सैन्य घातले. बहमनींचा सरदार खलफ हसन बसरी याने रोहिणखेडजवळ त्याचा पराभव केला, पुढे बुऱ्हाणपुरापर्यंत पाठलाग केला, आणि त्याच वर्षी नासिरखान मरण पावला. मुलीच्या संसाराचे काय झाले याकडे बखरकारांनी पाहिले नाही. त्यांचे लक्ष लढाईकडे होते. पुढे दीडशे वर्षांनी अहमदनगरच्या गादीसाठी याच घाटाखाली पुन्हा रक्त सांडले. त्या काळातील, १५८२ मध्ये खुदावंदखान महदवी याने बांधलेली मशीद गावात आहे.

जैन परंपरेत रोहिणी एक नाही, अनेक आहेत. सोळा विद्यादेवींच्या मालिकेत पहिले नाव रोहिणीचे. अबूच्या विमलवसहीतील रंगमंडपाच्या छताखाली या सोळा जणी उभ्या आहेत आणि मान दुखेपर्यंत वर पाहावे तरी डोळे निवत नाहीत. दिगंबर परंपरेत दुसरे तीर्थंकर अजितनाथ यांची यक्षी रोहिणी, आणि अजितनाथांचे जन्मनक्षत्रही रोहिणीच. बलभद्राची माता रोहिणी तर सर्वांना ठाऊक आहे. पण तिच्या स्वयंवराची गोष्ट घराघरांत फारशी सांगितली जात नाही. जिनसेनाचार्यांनी शके ७०५ मध्ये पूर्ण केलेल्या हरिवंशपुराणात ती आहे. अरिष्टपूरच्या रुधिर राजाची ही कन्या. मंडपात मोठमोठे राजे सजून बसलेले, आणि घर सोडून देशोदेशी भटकणारा वसुदेव वाद्य वाजवणाऱ्यांच्या रांगेत वेष पालटून बसलेला. रोहिणीने एकेका राजाचा परिचय ऐकला, पुढे गेली, आणि माळ घातली ती त्या वादकाच्या गळ्यात. सभेत गदारोळ माजला, शस्त्रे निघाली. राजांच्या बाजूने लढायला उभे राहिले ते समुद्रविजय, म्हणजे वसुदेवाचेच थोरले बंधू आणि भगवान नेमिनाथांचे पिता. धाकट्याने थोरल्याच्या पायाशी आपल्या नावाचा बाण सोडला आणि भाऊ भावाला भेटला. कुळ विचारून, घराणे पाहून, पत्रिका जुळवून सोयरीक करणाऱ्या समाजाने ही कथा शतकानुशतके पूज्य मानली आहे, याचे थोडे नवल वाटावे.

व्रतकथेतील रोहिणी आणखी वेगळी. चंद्र साधारण सत्तावीस दिवसांनी रोहिणी नक्षत्रात येतो. त्या दिवशी उपवास आणि वासुपूज्य भगवंतांची आराधना, असे हे रोहिणी व्रत कित्येक घरांत सासूकडून सुनेकडे आलेले आहे. कथेतील रोहिणी ही चंपापुरीची कन्या, अशोक राजाची राणी. एके दिवशी तिला महालाच्या खिडकीतून छाती बडवून रडणाऱ्या स्त्रिया दिसल्या. तिने विचारले, हा कोणता नाट्यप्रकार? शोक म्हणजे काय हे तिला माहीतच नव्हते. राजाला वाटले, ही ऐश्वर्याची मस्ती आहे. आणि तिला दुःख शिकवण्यासाठी त्याने मांडीवरचे तान्हे बाळ गच्चीवरून खाली टाकले. बाळाला देवांनी झेलले. पुढे मुनींनी उलगडा केला तो असा : पूर्वीच्या एका भवात मुनींना कडू भोपळ्याचा आहार दिल्याच्या पापाने हा जीव देहाला दुर्गंध असलेली मुलगी होऊन जन्मला, जिच्या जवळ कोणी उभे राहत नसे, त्या मुलीने हे व्रत केले आणि दुःखाचा तेवढा साठा तिने आधीच भोगून संपवला. व्रताच्या दिवशी ही कथा वाचताना बायकांचे मन त्या दुर्गंधा मुलीपाशी अडखळते, राणीपाशी नाही. आणि बाळ फेकणाऱ्या राजाचे नाव अशोक असावे, यातला उपहास कथाकाराने मुद्दाम ठेवला असावा.

मात्र व्यापारी घरांनी जिची तसबीर पेढीवर लावावी अशी रोहिणी यांपैकी कोणीच नाही. ती आहे सहाव्या अंगात, ज्ञाताधर्मकथांच्या सातव्या अध्ययनात. त्या अध्ययनाचे नावच रोहिणी. पुढचे, आठवे, मल्ली भगवतींचे. म्हणजे बसायची जागाही मोठ्या शेजाराची.

राजगृहात धन्य नावाचा सार्थवाह राहत होता. सार्थवाह म्हणजे शेकडो गाड्यांचा तांडा घेऊन परदेशी व्यापारास जाणारा, इतरांच्या मालाची आणि जिवाची जोखीम शिरावर घेणारा मोठा व्यापारी. पत्नी भद्रा, चार मुलगे, चार सुना. एका मध्यरात्री त्याची झोप उडाली. आपण परगावी गेलो, आजारी पडलो, पडून राहिलो किंवा मेलो, तर या घराचा आधार कोण? ज्यांनी पेढी उभी केली आहे त्या प्रत्येकाने ही रात्र काढलेली असते. पण धन्याच्या विचारातली पुढची पायरी थक्क करणारी आहे. त्याने मुलांची परीक्षा घ्यायचे ठरवले नाही. धनपाल, धनदेव, धनगोप, धनरक्षित अशी धनाने सुरू होणारी चार भक्कम नावे घरात असताना तो म्हणाला, सुनांची परीक्षा घेऊ.

आणि परीक्षाही खोलीत बोलावून नव्हे. त्याने आप्तेष्टांना, मित्रांना आणि चारही सुनांच्या माहेरच्या माणसांना जेवायला बोलावले. जेवणे झाल्यावर सर्वांसमक्ष थोरल्या सुनेच्या हातावर साळीचे पाच दाणे ठेवले : हे सांभाळ, मी मागेन तेव्हा परत दे. मग दुसरीच्या, तिसरीच्या, चौथीच्या हातावर तसेच पाच दाणे.

थोरलीने एकांतात विचार केला, सासऱ्यांच्या कोठारात साळीच्या राशी आहेत. मागतील तेव्हा त्यातले पाच काढून देता येतील. तिने दाणे फेकून दिले. दुसरीनेही तोच विचार केला; फक्त तिने टरफल सोलून दाणे खाल्ले. तिसरीला वाटले, एवढ्या लोकांसमोर दिले आहेत, तर काही कारण असणार. तिने दाणे स्वच्छ फडक्यात बांधले, रत्नांच्या डबीत ठेवले, डबी उशाशी ठेवली आणि दिवसातून तीनदा उघडून पाहू लागली. चौथीलाही कारण असणार हे कळले होते. तिने माहेरची माणसे बोलावली आणि सांगितले : पहिला पाऊस पडला की एक लहानसा वाफा चांगला तयार करा, हे पाच दाणे त्यात पेरा, रोप उपटून दुसऱ्या जागी लावा, भोवती कुंपण घाला आणि राखण करा.

पाच दाण्यांतून पहिल्या वर्षी मगधातल्या मापाने एक प्रस्थ साळ आली. ती सारी पुन्हा पेरली. दुसऱ्या वर्षी अधिक, तिसऱ्या वर्षी त्याहून अधिक. चौथ्या वर्षापर्यंत मोजणी शेकडो कुंभांवर गेली.

पाचव्या वर्षी धन्याने तीच मंडळी पुन्हा जेवायला बोलावली आणि थोरलीकडे दाणे मागितले. तिने कोठारातून आणून दिले. धन्याने शपथ घालून विचारले, तेच आहेत की दुसरे? तिने खरे सांगितले. दुसरीनेही खरे सांगितले. तिसरीने डबी उघडून तेच पाच दाणे हातावर ठेवले. आणि रोहिणी म्हणाली, तात, दाणे परत करायचे तर गाड्या लागतील.

मग कामांची वाटणी झाली. फेकणारीकडे झाडलोट, राख आणि शेण. खाणारीकडे कांडण, दळण, रांधप. जपणारीकडे सोने, रत्ने, भांडार. आणि रोहिणीला, सर्वांत धाकट्या सुनेला, घरातील प्रत्येक कामात आधी विचारायचे आणि तिचे म्हणणे प्रमाण मानायचे. गाड्या भरभरून राजगृहाच्या रस्त्यातून साळ येताना पाहून नगरातील लोकांनी धन्याला धन्य म्हटले, असेही अध्ययनात आले आहे. लोकांनी वाखाणले सासऱ्याला! अडीच हजार वर्षांत यात फार फरक पडलेला नाही.

आगमाने या कथेचा जो अर्थ लावला आहे तो साधुजीवनाचा. पाच दाणे म्हणजे पाच महाव्रते. कोणी दीक्षा घेऊन ती टाकतो, कोणी व्रतांच्या बळावर केवळ उपजीविका करतो, कोणी निर्दोष राखतो, आणि कोणी राखून वाढवतो, दुसऱ्यांतही रुजवतो. व्याख्यानांत हाच अर्थ सांगितला जातो आणि तोच मुख्य आहे. तरीही दृष्टांत म्हणून जे घर निवडले गेले ते व्यापाऱ्याचे, याकडे व्यापाऱ्यांनी काणाडोळा करावा असे काही नाही. साधूंना उपदेश करतानाही ज्या घराचे उदाहरण ऐकणाऱ्याला लगेच पटेल, ते घर कारभारी सुनेचे होते.

बारकावे पाहण्यासारखे आहेत. देरासरात अक्षताचा साथिया मांडताना जो तांदूळ वापरतात तो सडलेला असतो; तो पुन्हा उगवत नाही, म्हणूनच तो जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्याचे चिन्ह, असे सांगतात. धन्याने दिले ते दाणे टरफलासह होते. दुसरीने ते सोलले, म्हणून दाणा हातात असतानाच त्याचे उगवणे संपले. दुसरा बारकावा माहेरचा. रोहिणीने पेरणी सासरच्या गड्यांकडून करवली नाही. सासऱ्याची ठेव वाढवण्यासाठी तिने माहेरचे मनुष्यबळ वापरले, आणि धन्याने तिला त्याबद्दल बोल लावला नाही. त्याने तर माहेरच्यांना दोन्ही वेळा पंगतीला बसवून साक्षी केले होते. लग्नानंतर माहेरचे नाव काढले तरी कपाळाला आठी पडते अशा घरांनी ही ओळ दोनदा वाचायला हरकत नाही. शेतीत आरंभ-समारंभ आहे, मग ती वाढ कशी वाखाणली, असा प्रश्न काही श्रावक विचारतात. असि, मसि आणि कृषि शिकवणारे पहिले गुरू ऋषभदेव होते, एवढे त्यांना आठवून देता येईल.

आणखी एक. अशाच दृष्टांताची एक जोड ख्रिस्ती शुभवर्तमानात आहे. तेथे धनी परदेशी जाताना तीन सेवकांना द्रव्य देतो. दोघे ते व्यापारात लावून दुप्पट करतात, तिसरा जमिनीत पुरून ठेवतो आणि जसेच्या तसे परत करतो. त्या तिसऱ्याला धनी बाहेरच्या अंधारात काढतो. धन्याच्या घरात मात्र जपून ठेवणारीला भांडाराच्या किल्ल्या मिळाल्या. फेकणारीलाही घराबाहेर काढले नाही. ज्याला जे जमते ते त्याच्याकडे, असा हा हिशेब आहे. झाडलोट आणि रांधप खालच्या पायरीवर ठेवल्याचे आजच्या वाचकाला टोचेल, आणि टोचावे. रोज दोन वेळ घरादाराला जेवू घालणे ही शिक्षा असू शकत नाही. पण व्यापाऱ्याने जपणे आणि वाढवणे या दोन गुणांत फरक केला, आणि घराची सूत्रे दुसऱ्या गुणाकडे दिली, हे महत्त्वाचे.

कारण व्यापारी समाजाचा ओढा खरे तर तिसऱ्या सुनेकडे असतो. लॉकर, डबी, फडके, तीनदा पाहणे. सून चांगली म्हणजे जपणारी. तिच्या नावाने दुकान असते, भागीदारीपत्रात तिचे नाव असते, कर वाचावा म्हणून तिच्या नावे खाते असते, आणि बोट ठेवलेल्या जागी ती सही करते. बी.कॉम. किंवा सी.ए. झालेली मुलगी सून म्हणून आणायची, तिच्या शिक्षणाचा उल्लेख परिचयपत्रात ठळक करायचा, आणि मग तिला जीएसटीच्या विवरणापुरते संगणकासमोर बसवायचे, ही पद्धत मलकापूर-खामगावपासून पुण्या-मुंबईपर्यंत सारखीच आहे. मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला, दुसरा परदेशी, आणि दुकान बंद करावे का असा प्रश्न पडला की सगळ्यांना विचारले जाते. सुनेला विचारायचे राहते. धन्याची मध्यरात्र या घरांतही येते. फक्त पंगत मांडली जात नाही, आणि पाच दाणे कोणाच्या हातावर ठेवले जात नाहीत. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा दिला आणि तो कायदा जैनांनाही लागू आहे. परंतु वाटा मिळणे आणि कारभारात प्रमाण ठरणे या निराळ्या गोष्टी आहेत.

मिळकतीच्या कागदाने घेरलेली एक रोहिणी बंगालीत आहे. बंकिमचंद्रांची ‘कृष्णकांताचे मृत्युपत्र’ ही कादंबरी १८७८ ची. तीतील रोहिणी तरुण विधवा, सुंदर, हुशार, आणि कोणत्याही घराच्या हिशेबात न बसणारी. जमीनदाराचा डावललेला मुलगा लग्नाचे आमिष दाखवून तिच्याकडून मृत्युपत्राची चोरी करवतो आणि शब्द फिरवतो. पुढे ती गोविंदलालाच्या प्रेमात पडते आणि अखेर त्याच्याच हातून मारली जाते. शरच्चंद्रांना हा शेवट मान्य नव्हता. लेखकाने नीतीसाठी रोहिणीचा बळी दिला, असा त्यांचा आक्षेप प्रसिद्ध आहे. तो पटण्यासारखा आहे. मृत्युपत्र लिहिणारे, बदलणारे, चोरवणारे सारे पुरुष. जिचा त्यात छदाम नाही तिच्या वाट्याला गोळी.

महाराष्ट्रातील अलीकडच्या रोहिणींनी आपला वाफा स्वतःच तयार केला. रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये पुण्यात नृत्यभारतीची स्थापना केली, तेव्हा मध्यमवर्गीय घरातल्या मुलीने कथक शिकणे हे सहज मान्य होण्यासारखे नव्हते. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडून घेतलेली विद्या त्यांनी पुढे साठ वर्षे वाटली. २००८ मध्ये त्या गेल्या, तोवर शिष्यांच्याही शिष्या उभ्या राहिल्या होत्या. रोहिणी हट्टंगडी यांनी ‘गांधी’ चित्रपटात कस्तुरबा साकारल्या आणि ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळवला. कस्तुरबा या पोरबंदरच्या व्यापारी घराण्यातल्या, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. तरुण वधूपासून आगाखान पॅलेसमधील वृद्धेपर्यंतचा तो प्रवास करताना त्यांचे वय जेमतेम तिशीचे होते.

रोहिणी खाडिलकरची गोष्ट त्याहून करारी. मुंबईच्या ‘नवाकाळ’कारांच्या घरातल्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींनी बुद्धिबळाच्या राष्ट्रीय महिला स्पर्धेची पहिली वर्षे आपल्याच घरात ठेवली. धाकटी रोहिणी १९७६ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. गहजब झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की स्त्रियांना राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही. १९८१ मध्ये ती आशियाई विजेती झाली. तेरा वर्षांच्या मुलीने पटावर बसण्याचा हट्ट धरला म्हणून पुढच्या साऱ्या मुलींसाठी नियम स्पष्ट झाला.

पदार्थविज्ञानातल्या रोहिणी गोडबोले पुण्याच्या हुजूरपागेत शिकल्या. मूलकणांच्या अभ्यासात जगभर मान मिळाल्यावर, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत असताना, त्यांनी राम रामस्वामी यांच्यासह सुमारे शंभर भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांच्या कहाण्या एकत्र केल्या. २००८ मध्ये निघालेल्या त्या पुस्तकाचे नाव ‘लीलावतीच्या मुली’. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पाण्याच्या प्रश्नासाठी ‘अर्घ्यम्’ उभारणाऱ्या रोहिणी निलेकणी, सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याची मुलगी आणि २०१७ मध्ये तमिळनाडूतील सेलमच्या पहिल्या महिला जिल्हाधिकारी झालेल्या रोहिणी भाजीभाकरे, अशी ही यादी लांबवता येईल. यांतल्या ओकांच्या हट्टंगडी झाल्या, सोमणांच्या निलेकणी झाल्या. रोहिणी मात्र रोहिणी राहिल्या. हे म्हणण्याचे कारण असे की मराठी लग्नात ताटभर तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने सुनेचे नवे नाव लिहिण्याची रीत आहे आणि महाराष्ट्रात राहणाऱ्या अनेक जैन घरांनीही ती उचलली आहे. त्या ताटात किती रोहिणी पुसल्या गेल्या आणि किती नव्या लिहिल्या गेल्या, याची वही कोणी ठेवली नाही.

एका रोहिणीचे नाव मात्र देशाने ठेवले. अहमदाबादच्या जैन गिरणीमालक घराण्यात जन्मलेल्या विक्रम साराभाईंनी केरळातील थुंबा या मच्छीमारांच्या गावी अग्निबाणांचे केंद्र उभारले. तेथून २० नोव्हेंबर १९६७ रोजी भारतात तयार झालेला पहिला संशोधन-अग्निबाण उडाला. अवघा ७५ मिलिमीटर व्यासाचा; नाव रोहिणी. साराभाई १९७१ मध्ये गेले. भारताच्या स्वतःच्या प्रक्षेपकावरून सोडायच्या छोट्या उपग्रहालाही तेच नाव मिळाले. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून तो प्रक्षेपक उडाला आणि काही मिनिटांत बंगालच्या उपसागरात कोसळला. अपशकुन झाला म्हणून नाव बदलावे, असे कोणी केले नाही. ११ महिन्यांनी, १८ जुलै १९८० रोजी, ३५ किलोची रोहिणी पुन्हा निघाली आणि या वेळी कक्षेत पोहोचली.